वीस मिलिग्रॅमचा प्रश्न

मंडळी, लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं. कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून त्या डब्यातून परळला जाणाऱ्यांचा हा इतिहास आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तंबाखूमुळे तिथे तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण कायमच पुष्कळ.

आजार उलटला, शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही, मग काय करायचं? २००८ साली युरोपातल्या एका चाचणीने सांगितलं, केमोला सेटुक्सिमॅबची जोड द्या. निम्मे रुग्ण आधी ७.४ महिन्यांपलीकडे जगत, ते १०.१ महिन्यांपलीकडे जगले. पण हे औषध आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं.

टाटाच्या डॉक्टरांनी प्रश्नच बदलला. मेथोट्रेक्सेट हे जुनं औषध आणि सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळी. दोन्ही थोड्या मात्रेत, घरीच, तबल्याच्या ठेक्यासारखी नियमित घ्यायची. समोर होतं दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून दिलं जाणारं सिस्प्लॅटिन. २०१६ ते २०२० मध्ये ४२२ रुग्णांवर चाचणी झाली. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. गोळ्यांवर निम्मे रुग्ण ७.५ महिन्यांपलीकडे जगले, सिस्प्लॅटिनवर ६.१. गंभीर त्रासही गोळ्यांमध्ये कमी.

पुढची पायरी इम्युनोथेरपीची. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी दिली तीन आठवड्यांना फक्त २०! चाचणीत १५१ रुग्ण होते. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन गोळ्या. निम्म्यांना वर हे इंजेक्शन. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे शंभरातले १६ हयात होते, इंजेक्शन मिळालेले ४३. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता नीट ऐका. २० मिलिग्रॅम हे २४० इतकंच चांगलं, असं यातून सिद्ध होत नाही; ती तुलना इथे केलेलीच नव्हती. आजार बराही होत नाही, महिने वाढतात. पण कमी औषध पुरतं का, हे तपासण्यात औषध कंपनीला काय फायदा? तो प्रश्न रुग्णालयालाच विचारावा लागतो. परळने तो विचारला, आणि ज्या रुग्णाला पूर्वी 'परवडणार नाही' एवढंच ऐकावं लागे, त्याच्यासमोर निदान एक पर्याय आला.