वऱ्हाडचे तारण आणि हैदराबाद कंटिंजंट

अमरावती–नागपूर रस्त्यावरील मोझरी हे गाव १९३५ पासून तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमामुळे सर्वपरिचित आहे. वर्धेच्या पश्चिमेकडील या मुलखाने त्यापूर्वी दीर्घकाळ एका निराळ्याच हिशेबाचा भार वाहिला. तो हिशेब दोन दोस्त सरकारांमधील संरक्षणखर्चाचा होय.

निजामअलीखानाने १७९८ मध्ये कंपनीची तैनाती फौज पत्करली व रेमंडने उभारलेल्या कवायती पलटणी मोडल्या. १८०० च्या तहाने या फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरकडून मिळालेला बेल्लारी–कडप्पाकडील मुलूख कंपनीस कायमचा तोडून दिला. रक्षणाचे मोल येथेच चुकते व्हावयास हवे होते. परंतु युद्धप्रसंगी निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार द्यावेत, असेही एक कलम त्या तहात होते. १८०३ च्या मराठे–इंग्रज युद्धात ही फौज इंग्रजांना कुचकामाची वाटली. त्याच युद्धाअखेर देवगावच्या तहाने भोसल्यांची वऱ्हाडातील दोअमली संपली.

पुढे रेसिडेंट हेन्री रसेल व चंदूलाल यांच्या काळात या कलमाच्या आधारे नवी फौज बांधली गेली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. निजामाने स्वसंरक्षणाचा वाटा उचलावा ही मागणी वरकरणी वाजवी होती. पण वाटा उचलूनही त्याच्या हाती तलवार आलीच नाही. नाटोच्या सदस्यांनी २०२५ मध्ये हेग येथे संरक्षणखर्च २०३५ पर्यंत सकल उत्पादनाच्या ५ टक्क्यांवर नेण्याचे ठरविले, तेव्हाही आकड्याचीच चर्चा अधिक झाली. फौजेवर हुकूम कोणाचा, हा प्रश्न आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो.

पगार भागविण्यासाठी चंदूलालने पामर कंपनीच्या पेढीकडून जबर व्याजाने कर्जे काढली. ते कर्ज फेडण्यासाठी १८२३ मध्ये उत्तर सरकारांच्या पेशकशीचा हक्क सोडावा लागला. तरीही थकबाकी साचतच गेली. शांततेच्या काळात अशी फौज बाळगण्यास निजाम तहाने बांधलेला नाही, हे खुद्द डलहौसीला मान्य होते. तथापि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले, आणि एलिचपूर, हिंगोली, जालना येथील छावण्या वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसल्या जाऊ लागल्या.

१८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचे कर्जही माफ झाले. पण वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क गेला. या तरतुदीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कापसाच्या तेजीनंतर वऱ्हाडचे उत्पन्न वाढले, तेव्हा तिचे खरे महत्त्व दिसून आले. सालारजंगाने रोख ठेव देऊन प्रांत सोडविण्याचा प्रयत्न केला. तो व्यर्थ गेला. १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाखांवर वऱ्हाडचा कायम पट्टा करून घेतला व १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात मिसळली. त्यानंतरही निजाम प्रांत परत मागत राहिला. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने ती मागणी फेटाळली.