कमान, मेहराब आणि आर्केड

आपल्याकडे जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी नवी व्यापारी इमारत उभी राहिली, की तिच्यावर बहुधा अमुक 'प्लाझा' नाहीतर तमुक 'आर्केड' अशी पाटी लागते. इमारतीला काचा असतात, शटर असतात, गुळगुळीत फरशी असते. कमान मात्र औषधालाही सापडत नाही. 'आर्केड' या शब्दाचा मूळ अर्थ तर कमानींची ओळ असा आहे. हे नाव या बिनकमानीच्या इमारतींपर्यंत कसे पोचले, तो प्रवास पाहण्यासारखा आहे.

इंग्रजीतले 'आर्च' आणि 'आर्केड' हे शब्द लॅटिन 'आर्कस'पासून आले. आर्कस म्हणजे धनुष्य. तिरंदाजाला 'आर्चर' म्हणतात, तो याच घराण्यातला शब्द. आता आपली 'कमान' घ्या. हा शब्द फारसी आणि फारसीतही त्याचा पहिला अर्थ धनुष्यच. अरबीतला 'कौस'ही तसाच. धनुष्यही तोच आणि कमानही तोच. आमच्या उर्दू शाळेत भूमितीच्या तासाला वर्तुळाच्या तुकड्याला 'कौस' म्हणतात, मराठी शाळेत 'कंस'. लिहिताना घालतो त्या कंसांनाही उर्दूत 'कौसैन', म्हणजे दोन धनुष्ये, असेच नाव आहे.

उर्दू शिकणारे मूल 'तीर-कमान' म्हणते तेव्हा त्याला धनुष्य दिसते. दारावरच्या कमानीला ते 'मेहराब' म्हणते. मराठी शिकणारे मूल धनुष्याला धनुष्य म्हणते आणि दारावर त्याला 'कमान' दिसते. शब्द एकच. उर्दूने त्याचा एक अर्थ जपला, मराठीने दुसरा. 'मराठी तुमची भाषा नव्हे' असे आम्हाला ऐकवणाऱ्यांनी आणि 'मराठी आपली कुठे?' असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या पालकांनीही हा एक शब्द नीट पाहावा.

कमानींची ओळ टिकते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटत वर जातात आणि मधला कळीचा दगड त्यांना जखडून ठेवतो. या रेट्यामुळे एकटी कमान बाजूंना फाकू पाहते. शेजारी दुसरी कमान असली तर दोघींचे रेटे एकमेकांना थोपवतात. भक्कम भिंत लागते ती फक्त ओळीच्या दोन टोकांना. म्हणून मधले खांब बारीक ठेवता येतात आणि खूप माणसांना एका छपराखाली जागा होते.

मोठ्या मशिदी बांधणाऱ्यांनी हे तंत्र फार पुढे नेले. स्पेनमधल्या कुर्तुब्याच्या मशिदीचे काम पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू केले. त्यासाठी जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब वापरले होते, पण ते बुटके होते. कारागिरांनी एका कमानीवर दुसरी कमान चढवून छत उंच केले. आपल्या दख्खनमध्ये गुलबर्ग्याच्या किल्ल्यात बहमनी काळातली जामा मशीद आहे. तिच्यावर इ. स. १३६७चा शिलालेख आहे. तिला उघडे अंगण नाही, सगळी मशीद छपराखाली आहे आणि कडेच्या कमानी इतक्या रुंद व ठेंगण्या, की पाहणारा थबकतो.

अशा कमानीदार ओसरीला अरबीत 'रिवाक' म्हणतात. कैरोच्या अल-अझहरमध्ये दूरदेशीचे विद्यार्थी मुलुखाप्रमाणे वेगवेगळ्या रिवाकांत राहत. मगरिबी मुलांचा एक, शामी मुलांचा दुसरा. अथेन्समध्ये झेनो नावाचा तत्त्वज्ञ ज्या खांबांच्या ओसरीत शिकवी तिला 'स्टोआ' म्हणत, म्हणून त्याचे अनुयायी 'स्टोइक' झाले. अरबांनी त्या नावाचे सरळ भाषांतर केले, 'रिवाकी'. आपल्याकडे देवळांभोवतीच्या ओवऱ्या याच कुळातल्या. जेजुरीच्या गडावर त्या आजही पाहता येतात. कुठे वाटसरू टेकला, कुठे विद्यार्थी राहिला, कुठे शिकवणी चालली. सावली होती आणि तिथे बसणाऱ्याला कोणी 'काय घेणार?' असे विचारत नव्हते.

युरोपात मात्र अर्थ पालटला. पॅरिसमध्ये १८००च्या सुमारास 'पासाज' म्हणजे काचेच्या छताखालच्या दुकानांच्या गल्ल्या निघाल्या. लंडनमध्ये १८१९ साली बर्लिंग्टन आर्केड उघडले. तिथे गणवेशातले पहारेकरी नेमले. शिट्टी वाजवायला, धावायला मनाई झाली. ऊन-पावसापासून आडोसा होता, पण तो गिऱ्हाइकासाठी. पॅरिसच्या या गल्ल्यांवर जर्मन ज्यू विचारवंत वॉल्टर बेंजामिन १९२७पासून एक ग्रंथ लिहीत होता. नाझींपासून पळताना १९४० साली त्याचा मृत्यू झाला आणि ग्रंथ अपुराच राहिला. तो १९८२ साली छापला गेला.

पुढे अमेरिकेत नाणे टाकून चालवायच्या यंत्रांच्या दालनांना 'पेनी आर्केड' म्हणू लागले. १९७२चा 'पाँग', १९७८चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८०चा 'पॅकमॅन' आले तेव्हा आर्केड म्हणजे व्हिडिओ गेमचा अड्डा झाला. शब्द राहिला, कमान गेली.

मुंबईने मात्र एकदा उलटी वाट धरली होती. तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, १८९६च्या कायद्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा रस्ता ठेवणे इमारत बांधणाऱ्यांना बंधनकारक झाले. वरच्या मजल्यांची धाटणी ज्याची त्याची, खाली चालण्याची वाट सगळ्यांची. जुलै महिन्यात तिथून जाणाऱ्या माणसाला छत्री मिटता येते, मग तो दुकानात शिरो वा न शिरो. इमारतीचा मालक रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचेही काही देणे लागतो, हे त्या कायद्याने दगडात बांधून घेतले.

नव्या इमारतींना आर्केड हे नाव जरूर द्यावे, नावाला कोणाची हरकत नाही. पण नकाशा मंजूर करताना नगरपालिकेने आणि बांधणाऱ्यानेही दहा पावलांची सावली रस्त्याने जाणाऱ्यासाठी सोडावी. ती 'कमान' म्हणून सोडा, 'मेहराब' म्हणून सोडा किंवा 'ओवरी' म्हणून. पावसात आडोशाला उभा राहणारा माणूस तिचे नाव विचारणार नाही.