लाल फ्लोरिडाची कुळकथा

लाल म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बावटा उभा राहतो: गिरणी कामगारांचा, डाव्यांचा, संपाचा. जगात बहुतेक ठिकाणी हीच समजूत आहे. अमेरिकेत मात्र लाल हा उजव्या रिपब्लिकन पक्षाचा रंग, निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा, आणि ‘रेड स्टेट’ म्हणजे रिपब्लिकनांच्या हुकमी मतांचे राज्य. ही उलटापालट जुनी वाटते, पण ती अवघी पाव शतकाची आहे. तिचे जन्मस्थान आहे फ्लोरिडा. तेव्हा हे राज्य कोणाच्याच पारड्यात पडत नव्हते. आज ते पक्के लाल मानले जाते. ज्या राज्याच्या दोलायमानतेतून हा शब्द रूढ झाला, तेच राज्य पुढे त्या शब्दात जाऊन बसले. याला मी निव्वळ योगायोग मानत नाही.

१९७६च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालांसाठी एनबीसी वाहिनीने स्टुडिओत दिव्यांनी उजळणारा भलामोठा नकाशा उभारला. त्यात डेमोक्रॅट जिमी कार्टर यांची राज्ये लाल होती आणि रिपब्लिकन जेराल्ड फोर्ड यांची निळी. फ्लोरिडा त्या वर्षी कार्टरनी जिंकले, म्हणजे तेही लाल उजळले, पण डेमोक्रॅटांसाठी. १९८०मध्ये रिपब्लिकन रेगन यांच्या लाटेत तोच नकाशा इतका निळा झाला की वाहिनीचे निवेदक डेव्हिड ब्रिंकली यांना उपनगरातला पोहण्याचा तलाव आठवला. इतर वाहिन्यांचे रंग वेगळे असत. मग २०००पर्यंत लाल रिपब्लिकनांकडे गेला कसा? एक मत असे की डेमोक्रॅटांवर कम्युनिस्टपणाचा शिक्का बसू नये म्हणून. पण शीतयुद्ध चालू असताना एनबीसीने तोच रंग त्यांना बिनदिक्कत दिला होता, तेव्हा शीतयुद्ध संपल्यावर कोणाला ही काळजी वाटली असेल हे पटत नाही. दुसरे मत, सत्तेवरच्या पक्षाला निळा आणि आव्हान देणाऱ्याला लाल. १९७६ आणि २००० ही दोन्ही वर्षे या नियमात बसतात, पण १९८०मध्ये सत्ता कार्टर यांची आणि निळा रेगनना, तिथे तो नियम मोडतो. तिसरे कारण फारच साधे आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये २०००चे नकाशे करणाऱ्या आर्ची त्से यांनी पुढे सांगितले की रेड आणि रिपब्लिकन या दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच, म्हणून. मला हेच खरे वाटते. मोठ्या रूढींचे मूळ पुष्कळदा अशा किरकोळ सोयीत सापडते.

आता प्रश्न उरतो तो हा रंग टिकला का, याचा. दर चार वर्षांनी नकाशा दोन-तीन दिवस दिसायचा आणि लोक विसरायचे. ७ नोव्हेंबर २०००च्या रात्री वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी डेमोक्रॅट अल गोर यांना दिले, मागे घेतले, मग रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना दिले आणि पहाटेपर्यंत तेही मागे घेतले. त्यानंतर मतपत्रिकांवरची अर्धवट तुटलेली छिद्रे भिंगाखाली तपासत फेरमोजणी, खटले आणि १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, असे गोर यांनी पराभव मान्य करेपर्यंत ३६ दिवस गेले. सुमारे साठ लाख मतांतून फरक निघाला ५३७ मतांचा. या ३६ दिवसांत तोच नकाशा रोज घरोघरी दिसत राहिला आणि बोलणाऱ्यांना ‘लाल राज्ये’, ‘निळी राज्ये’ म्हणणे सोयीचे झाले. फ्लोरिडाचा निकाल त्याच रात्री लागता, तर २००४ साली कदाचित रंग पुन्हा बदलले असते. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या डेमोक्रॅटांच्या बोस्टन अधिवेशनात ओबामांना देशाच्या लाल-निळ्या तुकड्यांविरुद्ध बोलावे लागले, इतकी ही भाषा चार वर्षांत मुरली होती.

फ्लोरिडाचा पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे. २००८ आणि २०१२ ओबामांचे, २०१६ आणि २०२० ट्रम्प यांचे. २०१८मध्ये रॉन डीसँटिस सुमारे ३२ हजार मतांनी गव्हर्नर झाले आणि २०२२मध्ये तेच १९ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. २००८मध्ये नोंदणीकृत मतदारांत डेमोक्रॅट जवळजवळ सात लाखांनी पुढे होते. २०२४पर्यंत रिपब्लिकन दहा लाखांहून अधिक पुढे गेले.

याचे कारण म्हणून स्थलांतराकडे बोट दाखवले जाते: निवृत्त मंडळी आली, कोविडच्या काळात निर्बंधांना कंटाळलेले आले. मायामीतल्या क्यूबन आणि व्हेनेझुएलन मतदारांचेही नाव घेतले जाते. मायामी-डेड काउंटीत २०१६ साली हिलरी क्लिंटन २९ टक्क्यांनी पुढे होत्या, तिथे २०२४मध्ये ट्रम्प ११ टक्क्यांनी जिंकले. कॅस्ट्रोच्या लाल राजवटीतून पळालेल्यांच्या घरांतली मते अमेरिकेतल्या लाल पक्षाला जातात, इतका या रंगाचा जगाशी संबंध तुटला आहे. ही कारणे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या खाली घटनादुरुस्तीचे प्रश्नही असतात, आणि त्यांच्यापुढे पक्षाचे नाव नसते. २०२० साली ज्या मतदारांनी ट्रम्प यांना ५१ टक्के मते दिली, त्यांनीच त्याच कागदावर किमान वेतन तासाला १५ डॉलरपर्यंत नेण्याच्या बाजूने जवळजवळ ६१ टक्के मते दिली. २०२४मध्ये ट्रम्प यांना ५६ टक्के आणि गर्भपाताच्या हक्काला ५७ टक्के मिळाले. दुरुस्तीला ६० टक्के लागतात, म्हणून तो प्रस्ताव पडला. जिथे पक्ष लिहिलेला नव्हता तिथे हे राज्य आजही दुसऱ्या बाजूला झुकते. म्हणजे बदल मुख्यतः धोरणांविषयीच्या मतांत झालेला नाही, तो ओळखीत झाला आहे. मी लाल की निळा, हा प्रश्न उमेदवाराच्या आधी येऊ लागला आहे.

यावर आक्षेप असा की रंग तर सगळ्याच राज्यांना लागले. पेनसिल्व्हेनिया अजून दोलायमान आहे, व्हर्जिनिया आणि कोलोरॅडो उलट निळ्याकडे गेले. आक्षेप रास्त आहे. रंग दिशा देत नाही. ती स्थलांतराने, मायामीने आणि डेमोक्रॅटांच्या ढिल्या पडलेल्या संघटनेने दिली. रंग उतार तीव्र करतो, आणि एकदा घसरण सुरू झाली की गव्हर्नरपासून काउंटीपर्यंतची मते एकामागोमाग त्याच बाजूला येतात. ओहायो आणि आयोवा हीही एकेकाळची दोलायमान राज्ये. फ्लोरिडासारखे लोंढे तिथे आले नाहीत, तरी ती त्याच वाटेने गेली.

२००० साली फ्लोरिडाचा रंग ठरायला ३६ दिवस लागले. ५ नोव्हेंबर २०२४ला रात्री आठ वाजता राज्यातले शेवटचे मतदान संपले आणि काही मिनिटांतच ते नकाशावर लाल झाले.