नापिकी, कर्ज आणि मनाचे आजार

नागपुरातील छिंदवाडा मार्गावर प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळचा चौक लोकांच्या तोंडी आजही ‘पागलखाना चौक’ म्हणूनच आहे. १८६४ साली स्थापन झालेले हे रुग्णालय राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक असून त्याची मंजूर क्षमता ९४० खाटांची आहे. मानसिक आजार म्हणजे वेड आणि वेड म्हणजे उंच भिंतीआडची गोष्ट, ही समजूत त्या चौकाच्या नावात साठलेली आहे. विदर्भातील मानसिक आरोग्याचा खरा प्रश्न मात्र बहुतांशी त्या भिंतीबाहेर, कोरडवाहू कापसाच्या गावांमध्ये आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने हा प्रश्न चर्चेत आला, तोही वादाच्या रूपाने. आत्महत्यांमागे व्यसन, नैराश्य आणि घरगुती कलह आहेत, असे एक पक्ष सांगत आला. कापसाचा भाव, सावकाराचा तगादा आणि सिंचनाचा अभाव हीच कारणे आहेत, असे दुसरा पक्ष ठासून सांगतो. नैराश्याचे नाव पुढे केले की शासनाची जबाबदारी टळते, हा शेतकरी नेत्यांचा संशय अनाठायी नव्हता. तरीही दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एकच गल्लत आहे. मनाचा आजार आणि माणसाची परिस्थिती ही जणू दोन वेगळी, एकमेकांना छेद देणारी कारणे आहेत, असे दोघेही गृहीत धरतात. वस्तुतः परिस्थितीच आजाराला जन्म देते वा तो बळावते, आणि एकदा जडलेला आजार परिस्थितीशी झुंजण्याचे बळ हिरावून घेतो.

मनावरील आघाताची वैद्यकीय संकल्पना घडली ती युद्धाच्या अनुभवातून. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अवस्थेचा अभ्यास झाल्यानंतर, १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे निदान स्वीकारले. झोपेत दचकणे, तोच प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे येणे, त्या प्रसंगाची आठवण देणारे सारे टाळणे, सतत सावध राहणे ही त्याची लक्षणे होत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपानंतर महाराष्ट्राने असे आघात जवळून पाहिले. पण भूकंप काही सेकंदांत संपतो, आणि त्यानंतरचे दुःख कितीही मोठे असले तरी ते ‘नंतरचे’ असते. यवतमाळच्या किंवा वर्ध्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे ‘नंतर’ लाभत नाही. पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, मग बोंडअळी, मग पडलेला भाव, मग बँकेची नोटीस आणि पुढच्या मृगात पुन्हा उसनवारी! धोक्याची सूचना देणारी शरीरातील यंत्रणा अल्पकाळापुरती जागी होऊन शांत व्हावी, अशी निसर्गाची योजना आहे. ती महिनोन्‌महिने चालूच राहिली, की झोप उडते, भूक मरते, चिडचीड वाढते आणि निर्णय घेण्याची शक्ती क्षीण होते. अशा माणसाला नैराश्य हा शब्द सुचत नाही. तो ‘डोकं जड आहे’ म्हणतो, ‘टेन्शन आहे’ म्हणतो.

एकाच गावात, सारख्याच नापिकीत एक कोलमडतो आणि दुसरा तग धरतो, मग दोष परिस्थितीचा कसा, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे एक उत्तर लंडनच्या कॅम्बरवेल भागात मिळाले होते. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये दाखवून दिले, की मोठा आघात सोसलेल्या साऱ्याच स्त्रिया नैराश्यात जात नाहीत. ज्यांना मन मोकळे करायला जवळचे माणूस नाही, घराबाहेर काम नाही, पदरी लहान मुले अधिक आहेत किंवा बालपणीच आई गेली आहे, त्यांना धोका अधिक असतो. याचा अर्थ, सोसण्याची ताकद केवळ स्वभावात नसते. ती माणसाच्या भोवती असते किंवा नसते.

आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रीकडे या दृष्टीने पाहावे. २००६ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली. त्यातील ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या स्वरूपात. मात्र त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. नापिकी, बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज, परतफेडीचा तगादा, हे सारे कागदावर सिद्ध व्हावे लागते. सातबारा नावावर नसेल, शेती ठेक्याने वा बटईने केली असेल, कर्ज विनापरवाना सावकाराचे असेल, तर तेच दुःख ‘अपात्र’ ठरण्याची भीती. नवऱ्याच्या मृत्यूचे कारण पुन्हा पुन्हा अधिकाऱ्यांपुढे शाबीत करत बसणे हाही आघातच; फक्त त्याची नोंद कोणत्या रकान्यात होत नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आत्महत्यांचे आकडे गाजतात, पण या स्त्रियांच्या झोपेबद्दल प्रश्न विचारल्याचे क्वचितच ऐकू येते.

यावर उपाय काय, याचा एक पडताळा विदर्भातच घेतला गेला. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने सहकारी संस्थांच्या मदतीने ‘विश्राम’ हा प्रकल्प विदर्भातील ३० गावांमध्ये राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना धीर देण्याचे व लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरजेपुरता मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची तीन पायऱ्यांची रचना होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्के झाले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नसल्यामुळे ही सारी घट प्रकल्पामुळेच झाली, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दार गावात उघडले तर लोक येतात, एवढे नक्की सिद्ध झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच आढळले होते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे मोल कळते.

दुसरी बाजू पैशाची. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणारी योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ती पोहोचलेल्या भागांतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या पैशाबरोबर कोणी समुपदेशक पाठवलेला नव्हता.

महाराष्ट्रात आत्महत्याप्रवण १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ पासून हाती घेण्यात आला. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्ती हेरायची आणि जिल्हा रुग्णालयाकडे पाठवायची, असे त्याचे स्वरूप. कल्पना योग्यच, पण आधीच लसीकरण, बाळंतपणे आणि असंख्य नोंदवह्या सांभाळणाऱ्या आशाताईच्या हाती प्रश्नावली दिली म्हणजे काम झाले, असे नव्हे. कर्जाने गांजलेल्या माणसाला तिने ओळखले, तर त्याची एक वाट डॉक्टरकडे आणि दुसरी तहसील कार्यालयाकडे व बँकेकडे जायला हवी. ही दुसरी वाट आरोग्य खात्याच्या अखत्यारीत येत नाही, आणि प्रकरणे नेमकी तेथेच अडतात.

कायद्याने मात्र या बाबतीत पुढचे पाऊल टाकले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते. भारतीय दंड संहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून, नवी न्याय संहिता लागू होताना, गळाले. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून दिवसरात्र सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते. शेतकऱ्यांप्रमाणेच नोकरी गेलेल्या, परीक्षेच्या धास्तीने ग्रासलेल्या किंवा घरातील हिंसाचार सोसणाऱ्या शहरी माणसांसाठीही ती खुली आहे.