मायना, मजकूर आणि मोर्तब

जुन्या मराठी पत्रात वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, शास्त्र्यांना ‘वेदशास्त्रसंपन्न’ आणि मातब्बर सरदाराला ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असा मायना असे. मायना ठरला की शेवटही ठरे. ‘तीर्थस्वरूप’ने आरंभ केलेले पत्र ‘हे विज्ञापना’ म्हणून संपावयाचे, ‘हे आशीर्वाद’ म्हणून नव्हे! मधला मजकूर तेवढा त्या दिवसाचा. बाकीचे भाग तयार असत. कारकुनाने प्रसंग पाहून ते जुळवावयाचे. राजपत्र असले तर अखेरीस ‘मोर्तब सूद’. या लेखनपद्धतीचा ‘मेस्तक’ नावाचा ग्रंथ परंपरेने तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर आहे. मोडी लिपीही लोक त्याच्याच पदरात घालतात. हेमाडपंताच्या नावावर काय काय जमा आहे, त्याची खतावणीच करायला हवी.

हिशेबातही तीच रीत. रोजकीर्दीत दिवसाची नोंद, तीवरून खात्यावार खतावणी, मग गोषवाऱ्याची तेरीज आणि शेवटी ताळेबंद. पहिल्याने जे द्यावे, ते दुसऱ्याने घ्यावे. गावचा कुलकर्णी यांतले थोडे वापरी, पुण्याचा फडणीस सगळे. परंतु ओळख एकच, म्हणून दूरच्या महालाचा कागद पुण्यास वाचता येई.

हे पुराण आज काढण्याचे कारण आमचे नवीन पनवेल. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या या गावातून रोज कितीतरी तरुण मंडळी महापे-ऐरोलीकडे संगणकाच्या कामाला जातात. माझी पुतणी त्यांतलीच. बँकेचा किंवा इस्पितळाचा सारा कारभार संगणकावर बसवायचा म्हणजे आधी वापरणाऱ्यांना विचारा, मग आराखडा काढा, मग लिहा, मग तपासा, अशी एक कार्यपद्धती लागते. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारने आपल्या कामांना अशी एक अखंड पद्धती लावून दिली होती. फ्रान्समध्ये ‘मेरिस’ नावाची दुसरी होती. पण अखंड पद्धती म्हणजे बारशालाही लग्नाचा सगळा विधी! लहान काम कागदाखाली गुदमरे आणि मोठ्याला तीच पद्धती तोकडी पडे.

म्हणून १९९०च्या दशकात हॉलंडचे श्याक ब्रिंकेम्पर, पॅरिसच्या कोलेट रोलाँ आदी विद्वानांनी निराळा मार्ग धरला. पद्धतीचे तुकडे करावे, कोठारात ठेवावे आणि प्रत्येक कामाला हवे ते उचलून जोडावे. पुढच्या दशकात या तुकड्यांना ‘सेवा’ म्हणू लागले. आतले यंत्र न उघडता, वरची चिठ्ठी वाचून बोलावता येणारी सेवा. चिठ्ठीवर तीन गोष्टी: काय लागते, काय मिळते आणि कोणत्या प्रसंगी वापरावे. पुतणीला मी म्हटले, “अग, पहिल्या दोन आमच्या कारकुनाजवळही होत्या.” ती म्हणाली, “आणि तिसरी, काका? आमच्याकडे सगळे तिथेच अडते. जुना माणूस नोकरी सोडून जातो, तुकडे कोठारात राहतात आणि कोणता केव्हा काढायचा हे कोणालाच ठाऊक नसते.”

पोरीने नेमके मर्मावर बोट ठेवले. आमची तिसरी गोष्ट बहुतेक डोक्यातच राहिली. मायन्यांच्या याद्या लिहिलेल्या सापडतात. पण अमक्या सरदाराला या वर्षी एक पायरी चढवून का लिहावे, हा विवेक मुलगा बापाच्या शेजारी बसून शिके. १८१८ साली पेशवाई गेली, दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि ती बैठकच मोडली.

रियासतकार सरदेसाई यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी पेशवे दप्तराचे निवडक ४५ खंड काढले. बाकीचे रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि मोडी वाचणारे थोडे. वाचणाऱ्याला अक्षर लागते, अर्थ लागतो. पण एखाद्याचा मायना अचानक उतरलेला दिसला, की त्याला त्या सालचे आणखी दहा रुमाल सोडावे लागतात.