बँकॉकमधील बिझनेस हॉटेल : आरक्षणापूर्वी आणि मुक्कामात

दोन-तीन दिवसांच्या कामासाठी बँकॉकला जाणाऱ्यास हॉटेलची खोली केवळ झोपण्यापुरती लागत नाही. तिथूनच बैठकीला वेळेवर पोहोचायचे असते, रात्री दुसऱ्या देशातील कार्यालयाशी बोलायचे असते आणि परतल्यावर त्याच हॉटेलचे बिल कंपनीकडून मंजूर करून घ्यायचे असते. या शहरात उत्तम हॉटेलांची वाण नाही. त्यामुळे तारांकनापेक्षा ठिकाण, दराची मांडणी आणि बिलाचे स्वरूप या तीन गोष्टी आरक्षणापूर्वी तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते.

ठिकाण

बँकॉकमधील अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. संध्याकाळी, विशेषतः पावसात, तीन-चार किलोमीटरलाही टॅक्सीने तास लागू शकतो. ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झालेली स्कायट्रेन आणि २००४ पासून धावणारी भुयारी मेट्रो हाच खात्रीचा मार्ग. म्हणून बैठकीचे ठिकाण ज्या मार्गावर असेल, त्याच मार्गावरील स्थानकापासून चालत जाता येईल असे हॉटेल निवडावे. सीलोम-साथोर्न हा बँका आणि वित्तसंस्थांचा जुना भाग आहे. आसोक येथे स्कायट्रेन व मेट्रो एकमेकींना मिळतात, त्यामुळे शहराच्या वेगवेगळ्या भागांत कामे असतील तर ते सोयीचे. चाओ फ्राया नदीकाठची हॉटेले देखणी आहेत. १८७६ पासूनची परंपरा सांगणारे ओरिएंटलही तिथेच आहे. मात्र सकाळी आठच्या बैठकीसाठी तिथून निघताना वेळ हाताशी ठेवावा लागतो.

सुखुमवित रस्त्यावरील पत्ते नीट वाचावेत. ‘सोई’ म्हणजे गल्ली. रस्त्याच्या एका बाजूस विषम आणि दुसऱ्या बाजूस सम क्रमांकाच्या सोई आहेत, पण समोरासमोरचे क्रमांक जवळचे असतातच असे नाही. सोई ५५ च्या जवळजवळ समोर सोई ३८ येते. शिवाय ‘सुखुमवितवर’ अशी जाहिरात करणारे हॉटेल गल्लीत बरेच आत असू शकते.

दर

दरापुढे ‘प्लस प्लस’ असे चिन्ह दिसले, तर दाखवलेली रक्कम अंतिम नाही. तिच्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. म्हणजे ५,००० बाटचा दर प्रत्यक्षात ५,८८५ बाट होतो. वाढ १७.७ टक्के. उपाहारगृह व धुलाईच्या दरांनाही बहुतेक ठिकाणी हाच नियम असतो. कंपनीने प्रतिरात्र कमाल मर्यादा ठरवली असेल, तर ती करासह की कराविना, हे आधी विचारून घ्यावे. परदेशी पर्यटकांना मिळणारा करपरतावा केवळ सोबत नेलेल्या वस्तूंसाठी आहे, हॉटेलच्या बिलासाठी नाही.

क्लब लाउंजसह मिळणारी खोली महाग वाटते. परंतु नाश्ता, संध्याकाळचे खाणे आणि पाहुण्याशी निवांत बोलण्याची जागा यांचा वेगळा खर्च मांडल्यास ती कित्येकदा परवडते. एकट्याने फक्त झोपायला येणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आगमन

१ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांना थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागते. त्यात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर ही सेवा विनामूल्य आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत इमिग्रेशनकडे करण्याची जबाबदारी हॉटेलची असते, म्हणून पासपोर्ट मागितल्यास आश्चर्य वाटू नये.

सुवर्णभूमी विमानतळाचा थाई उच्चार ‘सुवन्नफूम’ असा आहे. टॅक्सीचालकाला तोच कळतो. तिथून फाया थाईपर्यंत विमानतळ रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो व तिथे स्कायट्रेन मिळते. रात्रीच्या विमानाने भारतातून किंवा आखातातून येणारे पहाटे पोहोचतात, तर खोली सहसा दुपारी दोन-तीननंतर मिळते. सकाळीच बैठक असेल तर आदल्या रात्रीपासून आरक्षण करावे. मात्र आपण पहाटे येणार असल्याचे हॉटेलला लेखी कळवावे. अन्यथा ‘पाहुणा आलाच नाही’ अशी नोंद होऊन आरक्षण रद्द होण्याचा धोका असतो.

अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम रोखली जाते. डेबिट कार्ड दिल्यास खात्यातील खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस जातात. यासाठी क्रेडिट कार्डच द्यावे.

शाकाहार

थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचा सॉस आणि ‘कपि’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी सर्रास वापरली जाते. भाज्यांचा पदार्थही त्यामुळे शाकाहारी असेलच असे नाही. ‘मांगसविरत’ हा थाई शब्द आपल्या ‘मांस’ आणि ‘विरती’ यांतूनच आला आहे. त्यात अंडी व दूध चालते. ‘जे’ हा प्रकार अधिक कडक असून त्यात अंडी, दूध, कांदा, लसूणही वर्ज्य असतात. कांदा-लसूण न खाणाऱ्या सहकाऱ्यासाठी हाच शब्द उपयोगी पडतो. लाल अक्षरांचा पिवळा फलक ही त्याची खूण.

खोलीत

वीज २२० व्होल्ट आहे. अमेरिकी चपटी पिन बसते, पण उपकरणाला २२० व्होल्ट चालतात का ते पाहावे. ब्रिटन व आखातातील तीन चौकोनी पिनांचा आणि भारतातील तीन गोल पिनांचा प्लग बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर लागतो. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे. सामानात ती नेऊच नये.

बिल

कंपनीचे नाव, पत्ता व करक्रमांक खोली घेतानाच काउंटरवर द्यावा आणि ‘टॅक्स इनव्हॉइस’ मागावे. नंतर दुरुस्ती करून घेणे कठीण जाते. आरक्षण संकेतस्थळावर आगाऊ पैसे भरले असतील, तर हॉटेल बहुधा खोलीचे बिल देत नाही. ते त्या संकेतस्थळाकडून मिळवावे लागते. कार्डयंत्राने डॉलर, पाउंड किंवा रुपयांत रक्कम दाखवली, तरी बाटच निवडावा, कारण यंत्राचा विनिमयदर सहसा महाग पडतो. शेवटी, विमानतळाकडे निघण्याच्या आदल्या रात्रीच बिलाची प्रत मागून तपासावी. चूक सापडली तर ती दुरुस्त करायला तेव्हा वेळ असतो.