माचू पिक्चू : शोध कोणाचा?

पेरूतील कुस्को शहराच्या वायव्येस, उरुबांबा नदीच्या खोल दरीवर, दोन शिखरांमधील चिंचोळ्या धारेवर इंका लोकांनी वसविलेल्या एका नगराचे अवशेष उभे आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवरील हे स्थळ 'माचू पिक्चू' या नावाने जगाला परिचित आहे. त्याचा इतिहास दोन प्रकारे सांगितला गेला : एक ते उभारणाऱ्यांचा, दुसरा ते 'शोधणाऱ्यां'चा. दुसऱ्याने पहिल्याला दीर्घकाळ झाकोळून टाकले.

पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुती याच्यासाठी ही राजवसाहत उभारली गेली, असे अभ्यासक मानतात. लोखंडी हत्यारे हाताशी नसताना येथील कारागिरांनी ग्रॅनाइटचे चिरे घासून, चुन्याविना एकमेकांत बसविले. डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांखाली त्यांनी खडी आणि दगडांच्या कपच्यांचे थर दिले. त्यामुळे मुसळधार पावसाचे पाणी झिरपून जाते आणि माती टिकून राहते. बांधकामाचे खरे कौशल्य असे जमिनीखाली दडलेले आहे. सोळाव्या शतकात, स्पॅनिश आक्रमणाच्या सुमारास, ही वसाहत ओस पडली. इंकांना लिपी नव्हती. गाठी मारलेल्या दोऱ्यांतून ते हिशेब ठेवीत. त्यामुळे या नगराची कथा त्यांच्या शब्दांत उरली नाही.

२४ जुलै १९११ रोजी येल विद्यापीठाचा हायरम बिंगहॅम येथे पोहोचला. मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने त्याला डोंगरावर नेले आणि पुढची वाट एका लहान मुलाने दाखविली. त्या प्राचीन शेतांत काही कुटुंबे तेव्हाही पीक काढीत होती. एका भिंतीवर 'लिसार्रागा' हे नाव आणि १९०२ हे साल लिहिलेले होते. बिंगहॅमने स्वतः त्याची नोंद केली. आगुस्तिन लिसार्रागा हा त्याच खोऱ्यातला शेतकरी. तरीही 'शोधक' म्हणून कीर्ती बिंगहॅमच्याच वाट्याला आली. हीच इंकांची अखेरची राजधानी विल्काबांबा, असे तो पुढे प्रतिपादन करीत राहिला. ती राजधानी एस्पिरितू पांपा येथे होती, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले. आणि ते अवशेष बिंगहॅमने १९११ मध्येच पाहिले होते!

१९१२ पासूनच्या उत्खननात सापडलेली मृद्भांडी, धातूच्या वस्तू आणि मानवी अस्थी येल विद्यापीठात नेण्यात आल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून पेरूने २००८ साली अमेरिकेच्या न्यायालयात दावा दाखल केला. २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११-१२ या काळात वस्तू परत आल्या. त्यांतील अनेक आज कुस्को येथील संग्रहालयात आहेत.

परिचित नावही आता निर्विवाद राहिलेले नाही. जुन्या कागदपत्रांच्या आधारे दोन अभ्यासकांनी २०२२ मध्ये असे मांडले, की इंका या नगराला 'वायना पिक्चू' किंवा नुसते 'पिक्चू' म्हणत असावेत. वस्तू स्वदेशी परतल्या, पण भिंतीवरचा लिसार्रागा आणि शेतात राबणारी ती कुटुंबे या स्थळाच्या इतिहासात अजूनही तळटीपेपुरतीच उरली आहेत. त्यांना मुख्य मजकुरात स्थान देणे, हे इतिहासलेखनाचे राहिलेले काम आहे.